तिसऱ्या चेंबरमधली गाडी

त्या गाडीबद्दल विचारणारी माणसं मला अजून भेटतात. फैजपूरच्या चौकात, कुणाच्या लग्नात, पेट्रोल पंपावर. ती पिवळी गाडी तुमचीच ना, विकली का हो, असं विचारतात. मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. लोकांना वाटतं गाडी गेल्याचं मला वाईट वाटतं. मला तिचा राग येतो, आणि तिच्यापेक्षा जास्त माझा. त्या गाडीने आमच्या आबांचं, माझ्या वडिलांचं, डोकं नेलं. जीव नाही नेला. आबा आहेत, ओट्यावर खुर्चीत बसतात, भरवलं की जेवतात. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं केळीचा धंदा केला, उभ्या घडाकडे नुसतं बघून वजन सांगितलं, त्याला आता स्वतःचं नाव विचारलं तर तो माझ्या आईच्या तोंडाकडे बघतो. हे कसं झालं ते घरात मोजक्यांनाच नीट माहीत आहे. बोलायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे. याने कुणाचं काही भलं होणार नाही, हे मला माहीत आहे.

गाडी मी सुरतेच्या एका माणसाकडून घेतली होती. जुनीच, पण दोन दारांची, दोन सीटची, जमिनीपासून वीतभर उंच. पुण्याला शिकत असताना मी तसली एक गाडी सिग्नलला उभी पाहिली होती आणि तेव्हापासून ती डोक्यात बसली होती. चाळिशी जवळ आली, केळीची निर्यात सुरू झाली, हातात चार पैसे खेळायला लागले आणि मला वाटलं, आता नाही तर कधी. घरात कुणाला विचारलं नाही. सुरतेहून थेट चालवत आमच्या गावी सावद्याला आणली आणि केळीच्या शेडसमोर उभी करून हॉर्न वाजवला.

पॅकिंगच्या बायका काम सोडून बाहेर आल्या. एकीने विचारलं, बाकीची माणसं कुठं बसतात? मी म्हणालो, बसत नाहीत. ती म्हणाली, मग गाडी कशाला म्हणायचं, मोटारसायकल म्हणा. पिवळा रंग बघून गावाने नाव ठेवायला एक दिवसही लावला नाही. जो भेटेल तो विचारायचा, पिकलेलं केळ कुठं निघालं? माझा मोठा भाऊ, त्याला आम्ही भाऊच म्हणतो, शेडच्या पायरीवर उभा राहून बघत होता. त्याने गाडीला हातसुद्धा लावला नाही. "घरात माणसं अकरा, अन् गाडी दोघायची," एवढंच म्हणून तो आत गेला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला ते इतकं लागलं. पुढे दोन वर्षं मी त्याला ती गाडी बरोबर होती हे पटवत राहिलो, आणि त्या पटवण्याच्या नादातच बऱ्याच चुका झाल्या.

आमच्याकडे अशी गाडी चालवणं म्हणजे रस्त्याशी भांडण. सावदा ते रावेर या रस्त्यावर प्रत्येक गावाने आपापला गतिरोधक आपल्या मर्जीने घातलेला. कुणी डांबराचा, कुणी नुसत्या मातीचा, कुणी पोरं शाळेत जातात म्हणून एकापाठोपाठ तीन. मी मागच्या डिकीत दोन सागवानी फळ्या ठेवायचो. मोठा गतिरोधक आला की उतरायचं, फळ्या लावायच्या, गाडी तिरकी घेऊन क्लच अर्धा दाबून इंच इंच वर चढवायची, परत उतरायचं, फळ्या उचलायच्या. मागे केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर खोळंबलेले. ट्रॅक्टरवाले खाली उतरून मला मदत करायचे आणि मदत करताना हसायचे. एकाने मला विचारलं होतं, इतकी ताकद हाय म्हनता इंजिनात, मंग ढकला कायले लागते? मी हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

एकच रस्ता होता जिथे तिचं खरं रूप दिसायचं. जळगाव ते धुळे. चौपदरी झाल्यापासून पहाटे तो रस्ता मोकळा असतो. एरंडोल मागे पडलं की मी खिडकी खाली करायचो आणि पाय दाबायचो. आधीच्या मालकाने सायलेन्सरमधला धूर गाळणारा डबा काढून टाकला होता, आवाज भारी यावा म्हणून. आणि आवाज भारी यायचाच, खोटं कशाला सांगू. पारोळ्यापर्यंत मला भावाचं तोंड आठवायचं नाही, केळीचे दर आठवायचे नाहीत, काही नाही. असं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. हेही लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर गाडी ठेवलीच कशाला हे कुणाला कळणार नाही.

धुळ्याला एक मिस्त्री होते. मुंबईत परदेशी गाड्यांच्या गॅरेजात वीस वर्षं काढून गावी परतलेले. पहिल्या उन्हाळ्यानंतर मी गाडी त्यांच्याकडे नेली तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि मान हलवली. डॅशबोर्डला भेग गेली होती, छताचं कापड डिंक वितळून डोक्यावर लोंबत होतं, बॅटरी फुगली होती. आमच्याकडचा मे महिना माणसालाच सोडत नाही, तिथे ही गाडी थंड देशातली. त्यांनी सांगितलं, पत्र्याखाली ठेवू नका, जिथे गारवा असेल तिथे ठेवा. आणि उभी ठेवू नका. "हाई गाडी उभी ऱ्हायनी का मरस, भाऊ. आठ दिनमा एकदाव चालू कर. भाईर काढीसन." म्हणजे बाहेर काढून. ते शेवटचे दोन शब्द मी ऐकले होते. ऐकले नाहीत असं मला कधीच म्हणता येणार नाही.

गारवा म्हणजे आमच्याकडे चेंबर. केळी पिकवायच्या तीन खोल्या आबांनी बांधल्या होत्या. जाड भिंती, वर थंड हवेची यंत्रं, दाराला चहूबाजूंनी रबर, एकदा लावलं की आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर. पूर्वी तिन्ही खोल्या भरलेल्या असायच्या. आता आमचा बराचसा माल हिरवाच खोक्यांत भरून बाहेर जातो आणि तिकडेच पिकतो, त्यामुळे तिसरी खोली रिकामी पडली होती. मी तिचं यंत्र दुपारचे चार तास चालू ठेवायला लागलो आणि गाडी तिथे लावली. भाऊ म्हणाला, बाया पत्र्याखाली घामाने निथळतात आणि तुझी गाडी गारव्यात. मी म्हणालो, खोली रिकामीच आहे. अशी उत्तरं मला पटकन सुचायची.

गंमत म्हणजे आबा माझ्या बाजूचे झाले. सुरुवातीला तेही चिडले होते, पण ती खोली त्यांची होती आणि तिच्यात पुन्हा काहीतरी आलं होतं. जेवण झालं की ते तिकडे जायचे. जुन्या धोतराच्या फडक्याने गाडी पुसायचे. आधी बाहेरून, मग दार उघडून आतून. एकदा मी त्यांना आत बसवलं. गाडी इतकी खाली की त्यांना आधी पाठ टेकवावी लागली, मग एकेक पाय आत घ्यावा लागला. बसल्यावर त्यांनी स्टीअरिंगला दोन्ही हात लावले आणि म्हणाले, जमीन लई जवळून दिसते रे. त्यांना फेरफटका मारावा म्हणून मी किती वेळा म्हटलं, पण ते नको म्हणायचे. दोघं बसून जायचं म्हणजे घरातलं कुणीतरी मागे राहणार, ते त्यांना बरं वाटायचं नाही.

चेंबरचे आबांचे दोन नियम होते आणि ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पहिला, आत गेलं की मागे दार लावायचं. दार किलकिलं राहिलं की आबा अख्ख्या शेडला ऐकू जाईल असे ओरडायचे, गारवा पळाला म्हणून. दुसरा, माल भरलेली खोली उघडली की लगेच आत शिरायचं नाही. पिकणारी केळी हवा खातात आणि वर पिकवायचा गॅस असतो. अर्धा तास दार सताड उघडं ठेवायचं, मगच आत पाऊल टाकायचं. या दुसऱ्या नियमात त्यांनी कधी सूट दिली नाही. एका व्यापाऱ्याने घाई केली म्हणून त्याला त्यांनी दंड धरून मागे खेचलेला मी पाहिला आहे. बंद हवा माणसाला मारते हे आमच्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गाडीची क्लचप्लेट गेली. गतिरोधकांवर अर्धा क्लच दाबून दाबून जळलीच होती. नवी प्लेट धुळ्याचे मिस्त्री कुठूनतरी मागवणार होते, त्याला महिना लागणार होता. तोवर इंजिन सुरू व्हायचं पण गाडी हलायची नाही. त्याच सुमारास माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं आणि मी जळगावला मेहरूणच्या फ्लॅटवर तिच्याजवळ राहायला गेलो. बॅटरी पुन्हा मरायला नको म्हणून मी आबांना सांगितलं, दर सोमवारी एकदा सुरू करा. किल्ली कशी फिरवायची ते दाखवलं. गिअर मोकळा आहे हे बघायचं, किल्ली फिरवायची, आणि ही तापमानाची सुई मध्यावर आली की बंद करायचं. बाहेर काढायला सांगितलं नाही. ती ढकलून काढायची तर दाराच्या उंबऱ्यावरून चार माणसं लागली असती, कामाच्या गर्दीत भाऊ चार माणसं देणार नाही, आणि मागायची मला लाज वाटत होती. दार उघडं ठेवा असंही म्हणालो नाही. ते तेव्हा डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगतो.

आबा काम अंगावर घेतलं की चुकवायचे नाहीत. सोमवारी सकाळी मी फोन करायचो, आबा, आज सोमवार. ते म्हणायचे, लक्षात हाये. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी आईशी बोललो तेव्हा ती म्हणाली, ह्यांचं डोकं जड झालंय, पडून आहेत. तिसऱ्या सोमवारीही तेच. मी आबांना म्हणालो, उन्हात फिरत जाऊ नका. दोन्ही वेळा सोमवारच होता. सोमवार आणि डोकेदुखी हे दोन शब्द मी एकाच दिवशी फोनवर ऐकले आणि तरी मला त्यात काही दिसलं नाही.

चौथ्या सोमवारी मी धुळ्याला गेलो होतो. क्लचप्लेट आली होती. मिस्त्रींच्या गॅरेजात ती हातात घेऊन बघत होतो तेव्हा भावाचा फोन आला. आबांना ऊन लागलंय, जळगावला घेऊन निघालोय, सरळ दवाखान्यात ये. मी विचारलं, कुठे होते? तो म्हणाला, तुझ्या गाडीपाशी. सकाळभर बागेत फिरले, मग गार वाटावं म्हणून तिथे जाऊन बसले असतील. एक बाई तिथे ठेवलेले खोक्यांत घालायचे फोम घ्यायला आत गेली तर हे स्टीअरिंगवर डोकं टाकून पडलेले. त्यांना ओढून काढता काढता दोन गड्यांच्या नाकी नऊ आले, असली ती गाडी. बाजेवर टाकल्यावर उलटी झाली, मग डोळे उघडले.

धुळ्याहून जळगावपर्यंत मी दुसरा कसलाच विचार केला नाही. आज सोमवार होता. सकाळी साडेनऊला मी फोन केला होता.

दवाखान्यात आबा शुद्धीत होते. तोंड लालभडक, हाताला सलाईन. मेमधल्या जळगावात तसे दहा पेशंट त्या दिवशी आले असतील. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, उन्हात किती वेळ होते? भाऊ म्हणाला, सकाळी सातपासून अकरापर्यंत बागेत. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग त्यांनी आमच्या दोघांकडे पाहून विचारलं, आणखी काही? मी तिथे उभा होतो. माझ्या तोंडातून निघालं, नाही. मला अजून खात्री नव्हती, हे खरं आहे. पण खात्री नसताना माणूस शंका तरी बोलून दाखवतो. मी नाही बोललो, कारण भाऊ शेजारी उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावद्याला जाऊन मी तिसरी खोली उघडली. धुराचा वास अजून होता. गाडीचं दार उघडंच होतं, किल्ली चालूच्या खुणेवर होती. टाकीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडलं होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. टाकीत मी मुळातच थोडं ठेवलं होतं, तेवढ्यामुळेच आबा वाचले. मी किल्ली काढून खिशात घातली. खोलीचं दार दिवसभर उघडं ठेवलं. कुणी विचारलं तर सांगायला कारण तयार केलं होतं, पण कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी आबा घरी आले. चालत आले, चहा मागितला, केळीचा भाव विचारला. दुपारी आम्ही दोघंच ओट्यावर होतो तेव्हा मी हळूच विचारलं, आबा, दार लावलं होतं का?

"मंग? गारवा सारा भायेर जाऊ द्याचा का?" ते म्हणाले. "मालच नव्हता खोलीत. माल नही तं गॅस कायचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं की त्यांना कळलं. चाळीस वर्षं ज्या गोष्टीला ते भ्यायले ती केळीत असायची. गाडी काही पिकत नव्हती. सुई गार खोलीत लवकर वर येईना, आणि पोराने सांगितलं होतं मध्यावर येऊ द्या, म्हणून ते बसून राहिले. डोळे जड झाले तरी सुईकडे बघत बसले असतील. बराच वेळ ते पायाच्या अंगठ्याने ओट्यावरचा चुना खरवडत होते. मग म्हणाले, "कोनाले सांगू नको. भाऊ उगीच बोलीन तुले."

ही परवानगी मी लगेच खिशात घातली. बापाने सांगितलं, नको सांगू, मग मी कोण सांगणारा? आणि आबा तर बरे झाले होते. आता कशाला, असं मी रोज एकदा स्वतःला म्हणायचो. दवाखान्यात परत जाऊन, डॉक्टर, ऊन नव्हतं, धूर होता, एवढं म्हणायला दहा मिनिटं लागली असती. मेहरूणहून तो दवाखाना चालत जाण्याइतका जवळ होता. बायकोला बरं वाटायला लागल्यावर मी सावद्याला परत राहायला गेलो, तोवर मी त्या दवाखान्यावरून कितीतरी वेळा गेलो.

तीन आठवडे आबा ठणठणीत होते. मग एका सकाळी त्यांनी उजवी चप्पल डाव्या पायात घातली आणि तशीच बागेपर्यंत गेले. आम्ही हसलो. दोन दिवसांनी ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि पाय उचलेनात. एक पाऊल टाकायचं कसं हेच विसरल्यासारखे उभे होते, मी हात धरून आत घेतलं. मग बोलणं कमी झालं. मग एका दुपारी भर अंगणात, बाया बघत असताना, उभ्याउभ्या त्यांचं धोतर ओलं झालं आणि त्यांना ते कळलंही नाही. आठ दिवसांत माझा बाप माझ्यासमोर संपत गेला.

जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. भाऊ, आई आणि मी. आईला आम्ही सगळे अक्का म्हणतो. डॉक्टरांनी मशीनमधले फोटो उजेडावर धरून बराच वेळ पाहिले. वयाचं दिसत नाही, म्हणाले, इतक्या लवकर होत नाही. मग त्यांनी विचारलं, मागच्या महिना-दीड महिन्यात कुठे धूर किंवा गॅस लागला होता का? बंद खोलीत शेगडी, जनरेटर, विहिरीवरचं इंजिन, असं काही? भाऊ म्हणाला, नाही, ऊन लागलं होतं फक्त. डॉक्टर म्हणाले, नीट आठवा. उन्हाने असं होत नाही. गॅसने होतं. माणूस शुद्धीवर येतो, बरा वाटतो, आणि काही आठवड्यांनी असं सुरू होतं.

मी सांगितलं. गाडी, बंद खोली, सोमवार, किल्ली, सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. डॉक्टरांनी मधे तोडलं नाही. मी विचारलं, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. प्राणवायू भरपूर दिला असता, पुढचे दिवस पूर्ण विश्रांती सांगितली असती, लक्ष ठेवलं असतं, म्हणाले. फरक पडलाच असता असं खात्रीने सांगता येत नाही, पडला नसता असंही सांगता येत नाही. ते भले माणूस होते. मला मात्र वाटलं, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

भाऊ उठून बाहेर गेला. भांडला नाही. आजपर्यंत त्या विषयावर तो एक शब्द बोललेला नाही. माझ्याशी केळीबद्दल बोलतो, मजुरांबद्दल बोलतो. त्याने हिशेब वेगळे केले नाहीत, घरातून काढलं नाही, आणि त्यामुळे माझी त्याच्याशी भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही. गाडी पुढच्याच महिन्यात गेली. घेणारा नाशिकचा होता. त्याला मी सायलेन्सरमधला डबा नव्याने बसवून दिला आणि गाडी कधीही बंद जागेत सुरू करू नका असं तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो माझ्याकडे वेडा आहे का असं बघायला लागला.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाचं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर लांब बाकडं होतं. आबांना मधे बसवलं होतं, एका बाजूला अक्का, एका बाजूला मी. भाऊ औषधं आणायला खाली गेला होता. आबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी अक्काकडे बघायची हिंमत करत नव्हतो. ती रडेल, छाती बडवेल, मला बोलेल, असं धरून बसलो होतो. तिने आबांच्या तोंडाची लाळ पदराने पुसली आणि हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू येईल असं बोलली.

"मले माहीत व्हतं रे. त्या दिवशी ह्यायचे कपडे धुतले मी. धोतराले, सदऱ्याले सारा गाडीचा धूर व्हता. दोनदा साबन लावला तरी वास जायेना."

मी विचारलं, मग तू का नाही सांगितलंस?

"तू सांगशीन म्हनून," ती म्हणाली. "मी आधी सांगतलं असतं, तं तुह्यावर मायनंच आरोप केल्यावानी झालं असतं. पोरगं लपवते आसं कोन्या मायले म्हनवते? म्हटलं, आज सांगशीन, उद्या सांगशीन. इतके दिवस तुले जेवाले वाढता वाढता तुह्या तोंडाकडे पायत व्हती मी."

मला ते जेवण आठवलं. त्या दिवसांत ती वाढून झाल्यावर जायची नाही, माझ्यासमोर उभी राहायची. मला वाटायचं आणखी भाकरी हवी का विचारते आहे. मी वर न बघता ताटावर आडवा हात धरायचो, आणि ती आत निघून जायची.